पूजेला ठेवलेली चावी

माझ्या तोंडी सहसा कुणी लागत नाही. सासूबाई होत्या तेव्हा त्या पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या धाकटीला बोलायला निमित्त लागत न्हाय, आन् गप बसायला कारण सापडत न्हाय." थोरली जाऊ माझ्या अगदी उलट. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो. आक्कांना काही विचारलं, तर आधी हातातलं काम पुरं होणार, मग हात पुसणार, आणि मग आलं तर उत्तर येणार. तोवर मी दोन उत्तरं स्वतःच देऊन मोकळी झालेली असते.

आम्ही दोघी मिळून साफसफाईची कामं घेतो. झाडू-पोछ्याची नव्हेत. कारखान्यातली मशीनं, हॉटेलांची स्वयंपाकघरं, दुधाच्या टाक्या, असलं काही वर्षातून एकदा पार उकलून, खरवडून, धुऊन, वाळवून परत जागच्या जागी लावावं लागतं, ते काम. राहायला वडगाव निंबाळकरला, पण कामाला कधी बारामती, कधी पार इंदापूरच्या पुढं. आमच्याच गावातल्या चार बाया जोडीला असतात. पिकअपच्या मागं बादल्या, ब्रश, साबणाचे कॅन आणि आम्ही, असा लवाजमा निघतो.

थोरले दीर गेल्यावर आक्का घरातल्या घरात आक्रसत चालल्या होत्या. कुणाच्या लग्नात मागच्या खोलीत बसायच्या, बारशाला भांडी घासायला लागायच्या. कुठं हळद-कुंकवाचा करंडा निघाला की ही बाई तिथून दिसेनाशी व्हायची. तिला कुणी जा म्हणायचं नाही, तीच जायची. मला राग यायचा. लोकांचा यायचा आणि त्यांचाही यायचा. एक दिवस मी म्हटलं, "आक्का, उद्यापासनं तुमी माझ्यासंगट कामाला." त्या म्हणाल्या, "मला काय येतंय?" मी म्हटलं, "तुमाला घासायला येतंय. हितं त्याचंच पैसं देत्यात." निघाल्या मुकाट्यानं.

आक्कांचं माहेर कऱ्हाटीचं. तिकडं एकेकाळी पाणी जपून वापरायची सवय लागलेली, ती त्यांच्या हातात अजून आहे. आमच्या बाया आधी पाण्याचा पाइप शोधतात. आक्का आधी कोरडं खरवडतात, कुंच्यानं झाडून घेतात, आणि मग ओला फडका. माझ्यापेक्षा त्यांचं काम देखणं होतं हे मी कबूल करते, पण त्यांच्यासमोर करत नाही. शिवाय त्या अंगानं काडी. त्यामुळं मशीनच्या पोटात उतरायचं काम आपोआप त्यांच्याकडं गेलं. मी उतरायचं म्हटलं तर मला बाहेर काढायला क्रेन आणावी लागेल.

आता माणूस आत असताना मशीन फिरलं तर काय होतं, ते मी सांगत बसत नाही. ऊस तोडणाऱ्या हातांना कोयता काय करतो ते या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आक्कांना घरातून उठवून आणलं मी. त्यांची लेक बारामतीला नर्सिंग शिकत होती. तिला रोज संध्याकाळी तिची आई धडधाकट परत द्यायची, हे माझ्या डोक्यात कायम असायचं. पिकअपमध्ये चढताना मी उगाच सगळ्यांवर खेकसायची, ती त्याच धास्तीनं.

सुरुवातीला आमचं शिक्षण चुकतमाकतच झालं. बारामतीतल्या एका हॉटेलात आमच्यातल्या एकीनं मोरी साफ करताना ॲसिड टाकलं, आणि त्यावरच ब्लीचिंग पावडर. तिचा हिशेब सरळ होता. एका औषधानं एवढा गुण, तर दोन्हीनं दुप्पट. मोरीतून असा काही भपकारा आला की आम्ही सगळ्या खोकत, डोळे चोळत मागच्या दारानं पळालो. आचारी आमच्या आधी पळाला, कढईत भजी तशीच सोडून. डॉक्टरांनी ज्या शिव्या दिल्या त्या गोड वाटल्या, कारण डोळे शाबूत होते. तेव्हापासून एका दिवशी एकच औषध, ते संपूर्ण धुऊन निघाल्याशिवाय दुसऱ्याचं बूच उघडायचं नाही. आणि खिडक्या आधी उघडायच्या, बादली नंतर भरायची.

लोणी देवकरच्या एमआयडीसीत एक पशुखाद्याचा छोटा कारखाना आहे. दसऱ्याच्या आधी तिथलं काम दरवर्षी आमच्याकडं असतं. सरकी पेंड, मक्याचा भरडा, कोंडा आणि त्यात उसाची मळी ओतून हे सगळं कालवायला तिथं एक मोठा मिक्सर आहे. आडवा ठेवलेला लोखंडी हौद समजा. त्याच्या मधून दांडा जातो आणि दांड्याभोवती गोल वळत गेलेली जाडजूड पाती. वरून झाकण. झाकणापाशी जायला शिडी. मळी वर्षभर त्या पात्यांना चिकटून चिकटून दगड होते, आणि मागं राहिलेल्या भरड्याला बुरशी धरते. ती बुरशी जनावराच्या पोटात गेली तर गाभण गाय गाभ टाकते, म्हणून ते आतून लख्ख झालंच पाहिजे. हौद खोल. खालून बघणाऱ्याला आत माणूस आहे का नाही, काही कळत नाही.

कुलपाची पद्धत आम्हाला तिथल्याच इलेक्ट्रिशियननं शिकवली. इंदापूरचे मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पहिल्या वर्षी आम्ही शिडी लावून सरळ आत निघालो होतो. चाचांनी शिडीच काढून घेतली. म्हणाले, "बाई, आधी ह्यो मिक्सरचा मेन खटका खाली. मग त्याच्यावर कुलूप. मग हिरवं बटन दाबून बघायचं, फिरतंय का. न्हाय फिरलं, मगच शिडी." कुलूप जी आत जाणार तिचं. चावी एकच, आणि ती तिच्याच अंगावर. ती बाहेर आल्याशिवाय कुलूप निघणार नाही, मग मालक येऊ दे नाहीतर मालकाचा बाप. मला हे भलतं आवडलं. मालकालाही ज्याच्यापुढं काही चालत नाही, असली वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. आक्कांनी आपल्या कुलपाला लाल दोरा बांधला आणि चावी कनवटीला लावली.

तर एका वर्षीची गोष्ट. खंडेनवमी. नवरात्राचे उपास सगळ्यांचेच होते आणि निम्म्या बायांचं अनवाणी व्रत. गमबूट घालायला एकही तयार होईना. मी म्हटलं, "देवीनं तुमाला पाय दिल्यात ते साबणाच्या पाण्यावर घसरून मोडायला दिलं न्हाईत. घाला बुटं, पाप मला लागू द्या." माझ्या खात्यावर आधीच बरंच असल्यामुळं त्यांनी ते मान्य केलं. आक्कांना मी सकाळी जबरदस्तीनं भगर खायला घातली, आत चक्कर येऊन पडायला नको.

काम झकास झालं. मोटर आणि पॅनेल आधी प्लास्टिकनं गुंडाळलं. आक्का मास्क लावून आत, एक बाई शिडीपाशी राखणीला, बाकीच्या वर-खाली. मळी लाकडी खरवडणीनं सुटली, फडक्यानं पुसली, थोड्या गरम पाण्यानं निघाली. मग झाकण उघडं टाकून वर मोठा पंखा लावला, कारण ओलं राहिलं तर आठवड्यात परत बुरशी. वाळेपर्यंत कुलूप तसंच ठेवायचं ठरलं होतं. आक्का बाहेर आल्या, हातपाय धुतले, आणि आम्ही पूजेच्या तयारीला लागलो.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते हे सांगायला नको. शेतकरी कोयता, खुरपं मांडतो, शिंपी कात्री मांडतो. त्या कारखान्यात मालकाची आई पूजा करायची. तिला सगळे आई म्हणायचे. नऊवारी नेसणारी, जुन्या वळणाची, पण हाताची सढळ. आम्हालाही ती परकं मानायची नाही. म्हणायची, "तुमची पण हत्यारं मांडा गं." मग आम्ही आमच्या खरवडण्या, ब्रश, धुऊन पुसून पाटावर ओळीनं मांडायचो. कुणी रबरी हातमोज्यावर फूल ठेवायची. चाचा आपली पक्कड आणि टेस्टर आणून द्यायचे आणि पॅनेलला स्वतःच्या हातानं झेंडूचा हार घालायचे.

आक्कांनी त्या दिवशी कनवटीची चावी सोडली आणि ताटात ठेवली. मी बघितलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांचं हत्यार तेच होतं. वर्षभर ज्यानं सांभाळलं त्याला एक दिवस हळद-कुंकू नको का? शिवाय सगळ्या बाहेर होत्या, काम संपलं होतं. असली चूक दुसऱ्या कुठल्या मुलखात कुणी करणार नाही. चावी खिशात ठेवायची असते हे सगळ्या जगाला कळतं, ती पूजेला मांडायची असते हे फक्त आम्हाला.

आरती झाली. नारळ फोडला. त्या कारखान्याची एक रीत होती. पूजा झाली की मशीनला एक मोकळा फेरा द्यायचा, आत काही न घालता. बटन आई दाबायची, बोट हळदीत बुडवून. तो फेरा सरळ गेला की वर्ष सरळ जातं, असं.

आईनं ताटातली चावी उचलली आणि चाचांना दिली. "कुलूप काढा. कुलपातल्या देवाला कुणी फेरा देतं का?"

चाचा घुटमळले. "आई, ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं असतंय."

"आवं, चावी पूजेत व्हती. आता ती सगळ्यांचीच."

एरवी चाचा हटून बसले असते. पण पूजेचा विषय, समोर म्हातारं माणूस, आणि आपण त्यात किती बोलायचं, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. आम्ही सगळ्या खालीच होतो, आक्का नळावर पाठमोऱ्या. त्यांनी कुलूप काढलं, चावीसकट ताटात ठेवलं, खटका वर केला. पॅनेलवरचा दिवा लागला.

मी हे पाहिलं नाही, नंतर कळलं. मी तेव्हा खोबऱ्याचे तुकडे करत होते आणि एकीला प्रसाद कसा वाटायचा यावर व्याख्यान देत होते.

मग आई म्हणाली, "फेऱ्याआधी सवाष्णींना हळदी-कुंकू लावून घेते." करंडा घेऊन ती ओळीनं निघाली. माझ्यापाशी आली. दरवर्षी याच जागेवर माझं डोकं फिरतं. मी कपाळ मागं घेतलं आणि म्हटलं, "आधी आक्कांना. थोरली सोडून धाकटीला लावायची रीत आमच्या घरात न्हाय."

आई दुखावली. "अगं बाई, मी काय तिला नगं म्हणते व्हय? तीच हितं थांबत न्हाय. दर साली तू मलाच बोल लावतीस."

ते खरंही होतं. मी आक्कांना शोधायला मान वळवली, म्हणजे दोन शब्द त्यांनाही सुनवावेत म्हणून. आक्का नळावर नव्हत्या. दारात नव्हत्या. पिकअपपाशी ड्रायव्हर एकटाच तंबाखू मळत उभा. मी आईला म्हणणार होते, बघा, गेल्या कुठंतरी लपायला. आणि तेवढ्यात माझी नजर ताटावर गेली. लाल दोऱ्याचं कुलूप ताटात होतं. उघडं. त्यावर हळद, कुंकू आणि एक झेंडू.

तोंडातून शब्द फुटेना. माझ्या तोंडातून. कुंकवाचा करंडा निघाला की आक्का कुठं जातात, तर जिथं कुणी बघणार नाही तिथं. आणि त्या कारखान्यात कुणाला दिसणार नाही अशी एकच जागा होती.

आई माझ्याशी वाद नको म्हणून पुढं निघून गेली होती. मुहूर्त टळेल म्हणून तिनं बोट हळदीत बुडवलं आणि हात बटनाकडं नेला. ओरडून सांगावं, एवढीही उसंत नव्हती. मी गेले आणि त्या हिरव्या बटनावर माझा पंजा ठेवला. आईचं बोट माझ्या हातावर टेकलं. मागच्या बाजूला, अगदी शिरेवर, हळदीचा ठिपका उमटला.

"हे काय गं?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "आई, आक्का दिसल्याशिवाय न्हाय." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही, इतका हळू.

चाचांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी तिथल्या तिथं खटका खाली ओढला. दिवा विझला. त्यांचा हात खटक्यावरून निघेना, तसेच धरून उभे राहिले. मी शिडी चढले. वर पंखा घोंघावत होता, त्याच्या आवाजात खालची आरतीसुद्धा आत पोचली नसती. मी वाकून बघितलं.

आक्का हौदाच्या पार टोकाला, शेवटच्या पात्याखाली उकिडव्या बसल्या होत्या. मास्क लावलेला, हातात फडका. दांड्याच्या बुडाशी बोटभर मळी राहिली होती, ती पुसत होत्या. माझी सावली पडली तशी मान वर केली.

"झालं का गं हळदी-कुंकू?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तवर येवढा कोपरा उरकून घ्यावा."

मी शिडीवर बसले आणि रडले. मोठ्यानं नाही, पण बराच वेळ. आक्का घाबरून बाहेर आल्या. त्यांना वाटलं मला काही लागलं.

आई पेंडीच्या पोत्यावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, हळदीचं बोट तसंच. काय होता होता राहिलं ते आक्कांना चाचांनी सांगितलं. आक्कांनी ऐकून घेतलं. ताटाकडं बघितलं. मग कुलपाकडं. मग एकदा वर, मिक्सरच्या झाकणाकडं. हात पुसत राहिल्या, पुसून झाले तरी पुसत राहिल्या.

आई उठली. करंडा घेतला आणि आक्कांसमोर आली. बोट कुंकवात बुडवलं. "ये बाई," ती म्हणाली. "माझ्या हातनं केवढं इपरीत झालं असतं. ये, आधी तुला."

मी डोळे पुसून बघत होते. इतकी वर्षं मी ज्यासाठी भांडत आले ते समोर घडत होतं. आणि आक्का एक पाऊल मागं सरल्या.

"ऱ्हाऊ द्या, आई," त्या म्हणाल्या. "कुंकवाचं मला काय बी न्हाय. माझी चावी तेवढी द्या."

आईनं ताटातली चावी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. आक्कांनी कुलपाचा लाल दोरा सोडला, चावीला बांधला आणि गळ्यात घातला. मग कुलूप परत खटक्यावर लावलं, फुलासकट. चाचांनी तेव्हा कुठं हात काढला.

फेरा त्या दिवशी झाला, पण उशिरा. हौद नीट वाळला, झाकण लागलं, मगच. बटन दाबायला आई पुढं झाली नाही. ती चाचांना म्हणाली, "तुमचा काय त्यो कायदा हाय ना, ज्याचं कुलूप त्यानं. मग फेरा बी त्यानंच द्यायचा." कुणीतरी मागून पुटपुटलं की सवाष्णीच्या हातचा असावा. मी वळून बघितलं. एवढंच. पुटपुटणं थांबलं.

त्यानंतर चावी कधी पूजेला गेली नाही. खरवडण्या, ब्रश, पक्कड, सगळं पाटावर असतं, चावी आक्कांच्या गळ्यात असते, आणि पूजा करायचीच तर तिथंच दोन फुलं वाहा म्हणतात. आई आता थकली आहे, खुर्चीवर बसून असते. करंडा अजून निघतो. आक्का अजूनही कपाळ पुढं करत नाहीत, पण जागा सोडून जातही नाहीत. पॅनेलपाशी, हाराच्या खाली, हातात उघडलेलं कुलूप घेऊन उभ्या असतात.

फेऱ्याआधी त्या आम्हाला एकेकीला हाक मारतात. ज्यानं त्यानं हाय म्हणायचं, नुसती मान हलवलेली चालत नाही. आईला विचारतात, आई हायसा का? आई म्हणते, हाय बाई. चाचांना विचारतात. ड्रायव्हरला दारातून आत बोलावून विचारतात. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी असते, माझ्या अंगाची ऊब त्यांना लागत असते, तरी माझीही पाळी येते.

"धाकटे, हायस का?"

"हाय, आक्का," मी म्हणते. मग त्या बटन दाबतात.